बुद्ध्यांक काढताना आणि सांगताना या चुका टाळा

समुपदेशनाचा डिप्लोमा करणारे असोत की एम.ए.च्या प्रॅक्टिकलचं जर्नल भरणारे, नवशिक्यांचा अहवाल हातात आला की आधी वयाची ओळ तपासावी. चूक बहुतेकदा तिथेच सुरू होते.

दाखल्यावरची १ जून

शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसली की थांबा. पोराला लवकर शाळेत घालायचं म्हणून वय वाढवून सांगायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि तारीख ठरलेली. आईला विचारा. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला मागा, तो नसेल तर लसीकरणाचं कार्ड बघा.

फरक किती पडतो? समजा, चाचणी १० फेब्रुवारी २०२५ रोजी घेतली. दाखल्यावर जन्म १ जून २०१५, म्हणजे वय ९ वर्षं ८ महिने ९ दिवस. लसीकरण कार्डावर १८ जानेवारी २०१६, म्हणजे ९ वर्षं ० महिने २२ दिवस. बिने-कामत चाचणीत मानसिक वय (म्हणजे मुलाची उत्तरं साधारण किती वयाच्या मुलासारखी आहेत ते) ७ वर्षं ६ महिने आलं. या चाचणीत बुद्ध्यांक गुणोत्तराने निघतो: मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले १००. ९० महिन्यांना ११६ ने भागलं तर ७८ येतो, १०८ ने भागलं तर ८३. पोरगं तेच, उत्तरं तीच.

वजाबाकी कागदावरच करा. आधी दिवस, मग महिने, मग वर्षं. महिना उसना घेतला तर त्याचे ३० दिवस धरायचे. उरलेले दिवस सोडायचे की महिना पुढे न्यायचा, हे मॅन्युअल सांगतं. 'साधारण नऊ वर्षांचा आहे' असं लिहिणाऱ्याने चाचणीची पेटी उघडूच नये.

घरी तेलुगू, शाळेत मराठी

सोलापूरच्या पूर्व भागात वारंवार दिसणारं प्रकरण असं. मुलगा तिसरीत, घरात सगळे तेलुगू बोलतात, शाळा मराठी माध्यमाची. शिक्षकांची तक्रार, वाचन जमत नाही. चाचणी घेणारा मलिन यांची मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी काढतो. मुलगा शाब्दिक भागात अडखळतो. मग परीक्षक दारात बसलेल्या आत्याला आत बोलावतो आणि ती प्रश्न तेलुगूत सांगते. मध्येच दोन उत्तरं सुचवतेही. शाब्दिक बुद्ध्यांक ७९, कृतीचा १०१. दोन्हींची सरासरी ९०. अहवालात एक ओळ: 'सामान्य बुद्धिमत्ता, अभ्यासात आळस.'

यात तीन घोटाळे आहेत. जागच्या जागी भाषांतर केलं की मानकं, म्हणजे त्या वयाच्या मुलांच्या गुणांवरून ठरवलेले तुलनेचे आकडे, बाद होतात. शब्दसंग्रहातले प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावलेले असतात, ती चढण एका भाषेत मोजलेली असते. दुसऱ्या भाषेत सातवा शब्द तिसऱ्यापेक्षा सोपा निघू शकतो, आणि 'लागोपाठ इतकी उत्तरं चुकली की थांबा' हा नियम मग भलत्याच ठिकाणी लागू होतो. दुसरा घोटाळा आत्याचा. तिसरा सगळ्यात महाग: ७९ आणि १०१ यांची सरासरी काढून जे सांगण्यासारखं होतं तेच पुसून टाकलं. कृतीच्या भागात ठोकळे, कोडिंग, चित्रपूर्ती वयाप्रमाणे जमतात आणि शाब्दिक भाग कोसळतो, तेव्हा भाषा, श्रवण आणि वाचनातली अक्षमता या तिन्ही शक्यता तपासायच्या असतात. आळस कुठल्याही सारणीत सापडत नाही.

अशा वेळी शाब्दिक भाग घ्यायचाच असेल तर घ्या, पण आकडा देऊ नका. 'सूचना तेलुगूत सांगाव्या लागल्या, म्हणून मानकांशी तुलना केलेली नाही' असं लिहा आणि मुलाने काय केलं ते वर्णन करा. सोबत रेव्हनची रंगीत आकृत्यांची चाचणी घ्या. तीही भाषेपासून दूर असली तरी घर-शाळेच्या संस्कारांपासून मुक्त नाही, एवढं ध्यानात ठेवून. अक्कलकोटकडच्या कन्नड घरांतल्या मुलांनाही हेच लागू. बिने-कामत चाचणी मुळात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतल्या मुलांसाठी तयार झाली, म्हणून तिथे निदान कन्नड आवृत्ती शोधता तरी येते.

मात्र बिने-कामतचा पाया १९१६ ची स्टॅनफर्ड-बिने ही अमेरिकी चाचणी आहे. जुन्या मानकांवर आजचं मूल खऱ्यापेक्षा हुशार दिसतं. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतले आकडे मांडून दाखवलं की दर दहा वर्षांना सरासरी सुमारे ३ गुणांची वाढ होत गेली. ते ३ गुण इथल्या मुलाच्या आकड्यातून वजा करत बसू नका, तो हिशोब तिकडचा. मानकांचं साल मात्र अहवालात लिहा.

पर्सेंटाइल आणि टक्के

सीईटीचे निकाल इतकी वर्षं पर्सेंटाइलमध्ये लागताहेत, तरी '६० पर्सेंटाइल' ऐकून पालक 'साठच टक्के?' म्हणतात. पालकांचं ठीक. समुपदेशकच तसं लिहितो तेव्हा काय करायचं? ६० पर्सेंटाइल म्हणजे तुलनेच्या गटातली साधारण ६० टक्के मुलं या गुणांच्या खाली आहेत, म्हणजे मूल मधल्या घोळक्यातच आहे. किती प्रश्न बरोबर आले, याचा त्यात पत्ता नाही.

पर्सेंटाइलची सरासरीही काढू नका. मध्यावर मुलांची दाटी असते, टोकांना विरळ. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १५ धरलं तर ५० वरून ६० पर्सेंटाइलला जायला जेमतेम ४ गुण लागतात, ९० वरून ९८ ला जायला सुमारे १२. सरासरी हवीच असेल तर आधी प्रमाणित गुणांत, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरावर बेतलेल्या गुणांत, बदला.

आणि कोणाच्या तुलनेत, हे लिहिल्याशिवाय पर्सेंटाइल लिहू नका. मॅन्युअलमध्ये मुलगे-मुली, शहरी-ग्रामीण अशा वेगळ्या सारण्या असतील तर मंगळवेढ्याच्या मुलीचे गुण शहरी मुलग्यांच्या पानावर बघून उपयोग नाही. सोपी सवय: चाचणी सुरू करण्याआधीच सारणीच्या पानाला चिकटपट्टी लावून ठेवावी. नंतर पान शोधणाऱ्याला बरा आकडा देणारं पान पटकन सापडतं.

एकच आकडा

चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तर जवळपास तेच येण्याचं माप) ०.९१ आणि प्रमाण विचलन १५ असेल तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे आलेला आकडा खऱ्यापासून साधारण किती इकडेतिकडे असू शकतो ते, काढा: १ वजा ०.९१ म्हणजे ०.०९, त्याचं वर्गमूळ ०.३, गुणिले १५, उत्तर ४.५. ९५ टक्के खात्रीचा पट्टा हवा तर याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे दोन्ही बाजूंना ९. बुद्ध्यांक ६८ आला तर अहवालात ५९ ते ७७ असं लिहायचं. ७० ची रेघ या पट्ट्याच्या मधूनच जाते, म्हणून नुसत्या ६८ वर बौद्धिक अक्षमतेचं लेबल लावता येत नाही. रोजच्या व्यवहारात मूल काय करू शकतं, अंघोळ, कपडे, दुकानातून सुटे पैसे आणणं, याचं मोजमाप सोबत लागतंच.

बाकीच्या चुका थोडक्यात. शेजारी यंत्रमागाची खटखट चालू असताना अंकमालिका म्हणून दाखवायला लावू नका. मे महिन्यात दुपारी दोनची वेळ देऊ नका, सकाळीच उरका. स्टॉपवॉच आवाज न करणारं घ्या. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली चित्रं वापरू नका; रेघ पुसट झाली की मुलाला ती दिसत नाही आणि गुण तुम्ही कापता. टेलिग्रामवरून उतरवलेली पीडीएफ ही चाचणी नव्हे. आकडा आवडला नाही म्हणून पंधरा दिवसांत तीच चाचणी पुन्हा घेऊ नका, सरावानेच गुण वाढतात. आणि कल चाचणीत 'विज्ञान' वर आलं म्हणून पोराला लगेच अकरावी सायन्सला पाठवू नका: ती आवड विचारते, कुवत मोजत नाही. त्यासाठी अभिक्षमता चाचणी वेगळी घ्यावी लागते, आणि तिला अर्ध्या तासापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.