सातारा-सांगलीहून बोटीनं परदेशी गेलेल्या पूर्वजांची नोंद कशी शोधायची

कुणबी नोंदींच्या निमित्तानं कोतवाल बुक, मोडी, फेरफार हे शब्द आता गावोगावी सगळ्यांच्या तोंडी आहेत, तीच शोधाशोध जरा पुढं न्यायची. पण थेट बोटींच्या याद्यांत शिरू नका. आधी गाव, बापाचं नाव आणि अंदाजे साल पक्कं करा, कारण जुन्या मजुरांच्या नोंदीत आडनाव बऱ्याचदा नसतंच, नुसतं रामा, बाप धोंडी एवढंच. आपल्याकडं वंशावळ सांगणारे हेळवी येतात ना, त्यांच्या चोपड्यात पिढ्यांची नावं असतात, आले की नीट बसवून विचाराच, कुठली शाखा मधेच तुटली ते तिथं कळतं.

सांगलीवाल्यांनी एक ध्यानात ठेवायचं, बोटीनं लोक जायचे त्या काळात सांगली जिल्हाच नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर साताऱ्यात होते, १९४९ ला दक्षिण सातारा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे विट्याचा माणूस जुन्या कागदात साताऱ्याचाच. मिरज, जत, सांगली ही संस्थानं, ती नावं वेगळी टाकून बघा. स्पेलिंग पण बदलून बदलून टाका, सातारा दोन टी घालून, कराड मधे एच घालून. लिहून घेणाऱ्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलंय.

मॉरिशसला गेलेले असतील तर तिथं मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, गिरमिटियांचे, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचे, मूळ रजिस्टर तिथं जपलेत. प्रत्येकाला एक नंबर, त्यापुढं नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, बोटीचं नाव, आणि १८६० च्या दशकापासून पुढं फोटोसुद्धा! हा नंबर मिळाला की समजा अर्धं काम झालं, लग्नाचे मळ्याचे बाकीचे कागद त्याच नंबरानं सापडत जातात. तिकडच्या मराठी कुटुंबांकडं हा नंबर असू शकतो, म्हणून तिकडं नातं लागत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा.

विलायतेला शिकायला गेलेल्यांसाठी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या याद्या आहेत, येणाऱ्यांची सिरीज बीटी २६ (१८७८ ते १९६०) आणि जाणाऱ्यांची बीटी २७ (१८९० ते १९६०). पहिली अ‍ॅन्सेस्ट्री या वेबसाइटवर, दुसरी फाइंडमायपास्ट या वेबसाइटवर, दोन्हीला पैसे पडतात. पाटील, जाधव टाकून ढीगभर निघतात, त्यापेक्षा साल आणि मुंबई बंदर लावून गाळा. तरी नाही सापडलं तर निराश होऊ नका, बरेच जण मार्सेलला उतरून रेल्वेनं पुढं जायचे आणि युरोपातून आलेल्यांची यादी त्यात नसायचीच. मग परतीच्या प्रवासाची यादी बघायची.

अमेरिकेसाठी एलिस आयलंडच्या (न्यूयॉर्क बंदरातलं, बोटीनं आलेल्यांची नोंद व्हायची ते बेट) साइटवरचा शोध फुकट आहे. निघालेलं बंदर मात्र मुंबई टाकू नका, लिव्हरपूल किंवा साउदॅम्प्टन टाका, लोक तिथं बोट बदलायचे. १९०७ नंतरच्या यादीत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव पण असतं, आपला माणूस हाच का ते त्यावरनंच ठरवायचं.

आणि अपशिंग्यासारख्या फौजी गावातनं पहिल्या महायुद्धावर गेलेल्यांना प्रवाशांच्या यादीत शोधत बसू नका, ते सैन्याच्या बोटीनं गेले. जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साइट बघा, नाव, पलटण आणि कुठल्या स्मारकावर कोरलंय ते मिळतं, बऱ्याच ठिकाणी बापाचं नाव आणि गाव पण दिलंय.