अ‍ॅम्प्लिफायरला टाइप करून हुकूम द्या

डेनॉनचा नेटवर्कवाला अ‍ॅम्प्लिफायर असेल तर रिमोट शोधत बसू नका. आमच्या परभणीच्या घरात तो माळ्यावरच्या कपाटात आहे, मी खाली ओसरीवरून लॅपटॉपने चालवतो.

आधी त्याच्या सेटिंगमध्ये नेटवर्क कंट्रोल ‘ऑलवेज ऑन’ करा, नाहीतर स्टँडबायमधून तो उठणारच नाही. मग टेलनेटने, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या उपकरणाला टाइप करून हुकूम पाठवायच्या साध्या प्रोग्रामने, अ‍ॅम्प्लिफायरच्या आयपी पत्त्यावर (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) पोर्ट २३ ला, म्हणजे हुकूम ऐकणाऱ्या त्याच्या दाराला, जोडा. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ‘पीडब्ल्यूओएन’ (PWON) म्हणजे चालू, ‘एमयूओएन’ म्हणजे आवाज बंद, ‘एमव्ही४०’ म्हणजे आवाज ४० वर. इथे जपून: तीन आकडे दिले की शेवटचा ५ अर्ध्याचा, म्हणून ‘एमव्ही४०५’ म्हणजे साडेचाळीस. ‘एमव्ही’पुढे प्रश्नचिन्ह दिलं की सध्याचा आवाज कळतो. स्वतःची स्क्रिप्ट लिहिणार असाल तर प्रत्येक हुकमाच्या शेवटी कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची खूण) हवाच; माझी पहिली संध्याकाळ तेवढ्यापायीच गेली.

आपल्याकडे लाईट गेली-आली की राउटर नव्याने सुरू होतो आणि अ‍ॅम्प्लिफायरचा आयपी पत्ता बदलू शकतो. राउटरमध्ये तो पत्ता राखून ठेवा. आणि हे पोर्ट घरच्या नेटवर्कबाहेर उघडू नका, त्याला पासवर्ड नसतो.