रोमँटिक कविता वाचायची कशी: गाईड बाजूला ठेवून

बी.ए., एम.ए.ला इंग्लिश असलेल्या कुणालाही विचारा की रोमँटिक कवी (म्हणजे 1800 च्या आसपासचे वर्डस्वर्थ, कीट्स, बायरन वगैरे इंग्रजी कवी) म्हणजे काय, उत्तर ठरलेलं येतं: निसर्गप्रेम, भावनांचा आविष्कार, कल्पनाशक्ती, साध्या माणसाची भाषा, झाले चार पॉइंट, आणि कविता मात्र वाचलेलीच नसते. पॉइंट चुकीचे नाहीत हो, पण तेच डोक्यात घेऊन कवितेकडे गेलं की फुलं, पक्षी, डोंगर दिसले की टिक करायची आणि पुढे जायचं एवढंच होतं. माझं म्हणणं असं की या लोकांच्या कवितेत निसर्गापासून बहुतेक वेळा नुसती सुरुवात होते, खरा विषय म्हणजे बघणाऱ्याच्या मनात काय चाललंय तो, आणि गाडी रूळ बदलते तो सांधा एकदा सापडला की अर्धी कविता हातात आली समजा.

सुरुवात छोट्यापासून करा, आणि गंमत म्हणजे शहरापासून करा. वर्डस्वर्थचं वेस्टमिन्स्टर ब्रिजवरचं सॉनेट घ्या, 1802 सालचं, फक्त चौदा ओळी. पहाटेचं लंडन, जहाजं, घुमट, थिएटरं, धूर अजून सुरू झालेला नाही. मोठ्याने वाचा, आणि "मी" कुठे येतो ते शोधा. तो थेट अकराव्या ओळीत येतो! तोपर्यंत नुसतं शहर आहे, आणि मग एकदम अशी शांतता मी कधी अनुभवली नाही असं म्हणतो. (तेव्हा तो फ्रान्सला निघालेला, जुनी प्रेयसी आणि तिच्यापासून झालेली मुलगी यांना भेटायला, आणि दोन-तीन महिन्यांत इंग्लंडमध्ये त्याचं दुसरीशी लग्न व्हायचं होतं, म्हणजे डोक्यात किती शांतता असेल ते तुम्हीच ठरवा.)

एक गोष्ट आधी क्लिअर करून घ्या, ती म्हणजे ऋतू. आपल्याला ऊन म्हणजे कधी एकदा सावली मिळते असं, त्यांना ऊन म्हणजे सण. त्यांचा स्प्रिंग मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि तेव्हाही थंडी असते, उन्हाळ्यात रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि ऑटम म्हणजे पानगळ तर आहेच पण सुगीसुद्धा आहे. हे माहीत नसेल तर कीट्सची "टु ऑटम" उगाच उदास वाटते.

आता वर्डस्वर्थचीच डॅफोडिल्स, त्या पिवळ्या फुलांवरची कविता. सगळ्यांना शाळेत येऊन गेलेली, म्हणून सगळ्यांनी कंटाळून सोडलेली. ही वाचायची तर एकटी वाचू नका, शेजारी वर्डस्वर्थच्या बहिणीची, डोरोथीची डायरी ठेवा, 15 एप्रिल 1802 ची नोंद, नेटवर फुकट मिळते. दोघं भाऊबहीण अल्सवॉटर तळ्याच्या काठाने चाललेत, वारा भयंकर सुटलाय, काही फुलं दमल्यासारखी दगडांवर डोकं टेकून आहेत, बाकीची नाचतायत, मग संध्याकाळी खाणावळीत जाऊन गरम पाणी घातलेली रम. कविता त्यानंतर दोनेक वर्षांनी लिहिली आणि छापली 1807 मध्ये. कवितेत बहीण गायब, रम गायब, तो बोचरा वारा मऊ झुळूक झालाय आणि कवी एकटा ढगासारखा फिरतोय! खोटं बोलला का? मला नाही वाटत, कारण कवितेचा मुद्दा शेवटच्या कडव्यात आहे, कोचावर पडल्यावर ती फुलं पुन्हा दिसतात तो. आणि त्या कडव्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन ओळी, मनाच्या डोळ्याच्या, त्याची बायको मेरीने सुचवलेल्या, हे त्याने स्वतः कबूल केलंय. शिवाय आकाशगंगेचं कडवं 1815 मध्ये मागाहून घातलेलं आहे. म्हणजे आपोआप उसळून आलेली भावना वगैरे जे म्हणतात त्यावर तेरा वर्षं काम चालू होतं.

त्यासाठीच "लिरिकल बॅलड्स"ची प्रस्तावना स्वतः वाचा, वर्डस्वर्थ आणि त्याचा मित्र कोलरिज यांच्या कवितांचं पुस्तक 1798 चं, वर्डस्वर्थची प्रस्तावना 1800 च्या दुसऱ्या आवृत्तीतली. गाईडमध्ये उत्कट भावनांचा उत्स्फूर्त उद्रेक एवढंच उचललेलं असतं, पण तिथेच लगेच तो सांगतो की असं लिहिणाऱ्याने आधी खूप वेळ खोल विचार केलेला असतो, आणि पुढे भावना शांतपणे आठवून घ्यायचीही गोष्ट करतो. परीक्षेत हे दुसरं अर्धं लिहा, पेपर तपासणारा जागा होईल.

मग वर्डस्वर्थचीच "टिन्टर्न अॅबी". लांब आहे, घाबरू नका, तीन वेळा थांबत वाचा. मजा बघा, शीर्षकात अॅबी आहे पण आत त्या पडक्या मठाचा एक दगडही नाही, शीर्षकातच म्हटलंय की जागा काही मैल वरच्या अंगाला आहे. पाच वर्षांनी परत आलेला माणूस आहे, नदी तीच, तो तो नाही. पेन्सिल घेऊन तेव्हा, आता आणि पुढे कधीतरी असे तीन काळ मार्जिनमध्ये नोंदवत जा, कविता आपोआप उलगडते.

कीट्सला वेगळं वाचायचं. "टु ऑटम" सप्टेंबर 1819 ला विंचेस्टरमध्ये लिहिलेली, तेहतीस ओळी आणि एकही "मी" नाही! तिथे सांधा शोधत बसू नका, सापडणार नाही. त्याऐवजी कडव्यागणिक बघा, पहिल्यात फळं भरतायत, दुसऱ्यात अर्धवट कापलेल्या शेताच्या सरीवर ऋतूच झोपलाय, तिसऱ्यात नुसते आवाज, चिलटं, कोकरं, रातकिडे, शेवटी निघायच्या तयारीतल्या पाकोळ्या. डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेला माणूस, धाकटा भाऊ आदल्या डिसेंबरात क्षयाने गेलेला, आणि कवितेत हे एका शब्दाने सांगितलेलं नाही.

नाइटिंगेल या गाणाऱ्या पक्ष्यासाठी दोन कवींच्या कवितांची जोडी लावा. कीट्सला पक्षी दिसतच नाही, फक्त ऐकू येतो, आणि तो मरणापर्यंत जाऊन येतो. जॉन क्लेअर मात्र शेतमजूर, तो काट्यांतून रांगत घरट्यापर्यंत जातो, अंडी पाच आहेत आणि रंग हिरवट की ऑलिव्ह तपकिरी यावर स्वतःलाच दुरुस्त करतो. सिलॅबसमध्ये क्लेअर क्वचित असतो, का ते देवाला माहीत. त्याच्या हेल्पस्टन गावची मोकळी रानं कुंपणं घालून बंद झाली, तो राग निसर्गप्रेमाच्या पॉइंटमध्ये बसवून दाखवा बघू.

आणि निसर्ग म्हणजे फुलंच असं धरून चालू नका. 1815 मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, तेव्हा जिनिव्हाजवळ अडकलेल्या बायरनने सूर्य विझल्याची "डार्कनेस" लिहिली, आणि शेजारी मेरी शेलीने "फ्रँकेन्स्टाइन" सुरू केलं. वर्डस्वर्थच्या "प्रिल्यूड" या लांबलचक आत्मकथनपर कवितेच्या पहिल्या भागातही पोरगा रात्री दुसऱ्याची होडी सोडून तळ्यात नेतो आणि डोंगर आपल्या मागे चालत येतोय असं वाटून घाबरून परत फिरतो, पुढे कित्येक दिवस झोपेत तेच. तेवढा तुकडा जरूर वाचा, शक्यतो 1805 च्या पाठातला, 1850 चा नंतर बघा. अख्खं "प्रिल्यूड" एका दमात वाचायला जाल तर सोडून द्याल, खात्रीने सांगतो.

आपल्याकडचं वाचायचं असेल तर केशवसुत आणि बालकवी आहेतच, इंग्रजी सॉनेट मराठीत आणण्यात केशवसुत पुढे होते, पण हा मराठीतला कीट्स, तो मराठीतला वर्डस्वर्थ असले तक्ते करू नका, दोन्हीकडचं वाचन बिघडतं.

बायरनचं "डॉन जुआन" हे लांबलचक काव्य मात्र सगळ्यात शेवटी ठेवा, कारण त्यात त्याने वर्डस्वर्थ आणि त्या तळ्याकाठच्या मंडळींची यथेच्छ टर उडवलीय, आणि ती एंजॉय करायची तर आधी ज्याची उडवलीय तो वाचलेला पाहिजे.