दत्तक बाळाला दूरच्या राज्यातून घरी आणताना: प्रवासातल्या या चुका टाळा

साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या जोडप्याने केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या पोर्टलवर नोंदणी केली, म्हणजे बाळ जवळपासच मिळेल असं नाही. ते ओडिशातल्या संस्थेत असू शकतं, तेलंगणात असू शकतं, झारखंडात असू शकतं. पोर्टलवर बाळाची माहिती आली की ४८ तासांत ते राखून ठेवायचं, मग ३० दिवसांच्या आत संस्थेत जाऊन भेटायचं, वैद्यकीय अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवायचा आणि स्वीकाराच्या कागदांवर सह्या करायच्या. इथवरची माहिती लोक चोख काढतात. परतीच्या प्रवासाचा विचार मात्र तिकिटापुरताच होतो आणि गडबड तिथेच होते.

आपल्यासाठी तो दिवस आनंदाचा असतो. बाळाचं मात्र ओळखीचं सगळं त्याच दिवशी सुटतं: सांभाळणाऱ्या मावशी, शेजारच्या पाळण्यातली मुलं, दुधाची चव, कानावर पडणारी भाषा, खोलीचा वास. म्हणून प्रवासात आणि पुढचे दोन-तीन आठवडे जे जसंच्या तसं ठेवता येईल ते तसंच ठेवायचं. बदल करायचाच झाला तर एका वेळी एकच.

सकाळी पोहोचून संध्याकाळी परत फिरणं

रजा कमी असते, लॉजचा खर्च असतो, म्हणून सह्या झाल्या की लगेच स्टेशन गाठलं जातं. शक्य असेल तर संस्थेच्या गावात दोन-तीन दिवस मुक्काम करा. पहिल्या दिवशी मावशींच्या समोरच बाळाशी खेळा. दुसऱ्या दिवशी एक वेळचं दूध, एक आंघोळ आणि एक झोप तुमच्या हातून होऊ द्या आणि तिसऱ्या दिवशी निघा. परतीचं आरक्षण संस्थेने कागद तयार असल्याचं कळवल्यावरच करा. तारीख पुढे सरकली आणि तिकीट आधीच काढलेलं असलं की माणसं घाई करतात आणि संस्थेवरही दबाव आणतात.

या दिवसांत विचारून घ्यायच्या गोष्टी वहीत लिहा. दूध बाटलीने की वाटी-चमच्याने? कोणत्या कंपनीची पावडर, किती वाजता, किती मिलि? झोप झोळीत, खाटेवर की मावशींच्या मांडीवर? दिवा चालू ठेवून की अंधारात? हाक कोणत्या नावाने मारतात? कशाला घाबरतं? मावशी दूध पाजतात, थोपटतात त्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, आधी परवानगी घेऊन. मान कशी धरतात आणि मध्ये कितीदा थांबतात, हे लिहून कळत नाही, बघितल्यावर कळतं.

बोलणारं मूल असेल तर रोजचे पंधरा-वीस शब्द मावशींकडून देवनागरीत लिहून आणा: भूक, पाणी, शी, शू, दुखतंय, झोप, नको. ओडिया घरात 'खीर' म्हणजे साधं दूध. पोर खीर मागतंय म्हणून इकडे शेवयांची खीर शिजते आणि ते रडत बसतं.

बाळाची चादर किंवा वापरातलं फडकं मागून घ्या आणि धुऊ नका, कारण त्या वासाने झोप लागते. अपवाद एकच: बोटांच्या बेचक्यांत, तळहातावर किंवा तळपायावर खाजरे फोड असतील तर ती खरूज असू शकते. मग ते फडकं सोबत घेऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. औषध घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी लावावं लागतं, नाहीतर खरूज फिरून फिरून येते.

घरचं दूध चालू करणं

वाटेतल्या जुलाबांचं आणि बद्धकोष्ठाचं हे मोठं कारण. 'आता आपल्या गाईचं दूध' असं घरातल्या मोठ्यांना वाटणं साहजिक आहे, पण एक वर्षाखालच्या बाळाचं मुख्य दूध गाई-म्हशीचं नसावं. पावडरची कंपनीसुद्धा निदान दोन आठवडे बदलू नका. ती आपल्याकडे मिळते का हे निघण्याआधी गावातल्या मेडिकलमध्ये विचारा. मिळत नसेल तर तिकडूनच दोन डबे घ्या.

आपल्याकडच्या बहुतेक पावडरींना ३० मिलि पाण्याला एक सपाट चमचा लागतो, तरी डब्यावरचं वाचून खात्री करा. चमचा त्याच डब्यातला हवा. शीग लावून भरला तर दूध घट्ट होतं, बाळाला तहान लागते आणि शी कडक होते. पावडर पुरवायला पाणी वाढवलं तर पोट भरत नाही. प्रवासासाठी पावडर आधीच मोजून छोट्या कोरड्या डब्यांत भरा, एका डब्यात एका वेळची. उकळलेलं पाणी चांगल्या थर्मासमध्ये घ्या. पावडर गरम पाण्यातच, साधारण ७० अंश सेल्सिअसला, कालवायची आणि मग बाटली बाहेरून गार पाण्यात धरून कोमट करायची. स्टेशनवरच्या चहावाल्याकडून 'जरा गरम पाणी' घेऊ नका, ते उकळलेलं होतं की नुसतं तापवलेलं हे कळायला मार्ग नाही. केलेलं दूध दोन तासांत संपवा. उष्टं उरलेलं फेकून द्या, पुढच्या वेळेला ठेवू नका.

हिशेब असा करा: दिवसात जितक्या वेळा दूध लागतं तितके डबे आणि वर निम्मे जास्त. रात्रीची गाडी पाच-सहा तास उशिरा धावली तरी उपाशी राहायची वेळ येऊ नये. बाटल्या चार तरी असाव्यात, कारण गाडीच्या बेसिनवर बाटली नीट धुतली जात नाही. वाटी-चमच्याची सवय असलेल्या बाळाला प्रवासात बाटली शिकवायला जाऊ नका. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी नाही. एक वर्षाखाली मध चाटवणं नाही, सोन्याच्या काडीनेही नाही, कारण मधातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

कागद मोठ्या बॅगेत, बॅग सीटखाली

हातात बाळ, बाळाची भाषा वेगळी, चेहरामोहरा वेगळा. रेल्वे सुरक्षा दलाचे जवान स्टेशनांवर आणि गाड्यांत पळवून नेलेल्या मुलांचा शोध घेत असतात, त्यामुळे तुम्हाला विचारणा होऊ शकते. त्याचा राग मानू नका. अशाच विचारणेमुळे मुलं वाचतात. उत्तर मात्र तयार हवं.

खांद्याला अडकवायच्या पिशवीत एक फाइल ठेवा. त्यात दत्तकपूर्व संगोपनासाठी, म्हणजे दत्तक आदेश निघेपर्यंत सांभाळायला, बाळ तुमच्या ताब्यात दिल्याचं संस्थेचं पत्र हवं, त्यावर बाळाचा फोटो आणि फोटोवर अर्धा येईल असा शिक्का. सोबत सह्या केलेली स्वीकाराची पानं, बाल अध्ययन अहवाल, वैद्यकीय अहवाल, लसीकरण कार्ड, तुमची आधार कार्डं, संस्थेच्या समाजसेविकेचा आणि तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा फोन नंबर. पत्र तिकडच्या लिपीत असेल तर इंग्रजीतही मागा. फाइलचे फोटो नवरा-बायको दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या.

तिकिटावर बाळाचं तुम्ही ठरवलेलं नवं नाव घालणं ही ठरलेली चूक. कागदांवर संस्थेने दिलेलं नाव असतं, तेच घाला. दत्तक आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि तोही संस्था ज्या जिल्ह्यात आहे तिथले. अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत तो निकाली काढायचा असतो. तोवर बाळ तुमच्याकडे दत्तकपूर्व संगोपनात असतं. नव्या नावाचा जन्मदाखला आदेशानंतरच मिळतो, आधार कार्डही त्यानंतरच काढा.

झोपेचं औषध पाजणं

'प्रवासात निवांत झोपेल' म्हणून सर्दीचं सिरप पाजायचा सल्ला हमखास कुणीतरी देतं. पाजू नका. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा लेबलवर छापायला औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितलं आहे. गुंगीत बाळाचा श्वास मंदावतो आणि उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

पॅरासिटामॉलमध्ये वेगळाच घोटाळा होतो. थेंबांची बाटली बहुधा १ मिलिमध्ये १०० मिलिग्रॅमची असते, तर साधं सिरप ५ मिलिमध्ये १२० मिलिग्रॅमचं. सहा किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम धरून एका वेळी ९० मिलिग्रॅमच्या वर द्यायचं नाही. म्हणजे थेंब असतील तर ०.९ मिलि, सिरप असेल तर पावणेचार मिलि. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून दिलं तर डोस चौपटीवर जातो. म्हणून एकच बाटली सोबत ठेवा, बाळाचं वजन निघण्याच्या दिवशी करून घ्या आणि डोस डॉक्टरांकडून मिलिमध्ये लिहून घ्या.

ओआरएसची पाकिटं दोन मापांची मिळतात, एक लिटरचं मोठं आणि २०० मिलिचं छोटं. जितक्या पाण्याचं आहे तितकंच पाणी घाला. अर्धं पाकीट अंदाजाने टाकायचं नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलि, चमच्या-चमच्याने. डबाबंद गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

लस प्रवासाच्या आदल्या दिवशी देऊ नका. पेंटाव्हॅलंटनंतर ताप येतो, आणि मग तो लसीचा की आजाराचा हे गाडीत ठरवता येत नाही. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, सहा-आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेलेली, शीमध्ये रक्त, दूध ओढणं बंद, किंवा श्वास जोरात (दोन महिन्यांखाली मिनिटाला ६०, वर्षापर्यंत ५०) यांपैकी काहीही दिसलं तर पुढचं मोठं स्टेशन हेच आपलं स्टेशन. रेल्वेच्या मदतीच्या १३९ नंबरवर फोन करा आणि उतरा.

गाडी, विमान आणि शेवटचा टप्पा

रेल्वेने यायचं तर शक्यतो सेकंड एसी घ्या. थर्ड एसीत मधला बर्थ उघडला की खाली ताठ बसता येत नाही. मग दूध आडवं पाजलं जातं आणि ठसका लागतो. तिकीट काढताना 'किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच' हा पर्याय निवडा. साइड लोअर टाळा, तिथे रात्रभर ये-जा चालते. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर भाडं नाही. बाळ भिंतीच्या बाजूला, एसीच्या झोतापासून दूर. कपडे एकावर एक पातळ, म्हणजे कमी-जास्त करता येतात. अंगावर रेल्वेची जाड रजई नको.

विमानात दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर चालतं, पण वयाचा पुरावा लागतो आणि नवा जन्मदाखला अजून नसतो. लसीकरण कार्ड आणि संस्थेचं जन्मतारीख लिहिलेलं पत्र चालेल का, हे विमान कंपनीला आधी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. उतरताना बाळ जागं ठेवून दूध पाजा, गिळल्याने कानातला दाब सुटतो.

पुण्यात उतरून तसंच पुढे निघणं अंगाशी येतं. सातारा ११० किलोमीटरच्या आसपास, सांगली सव्वादोनशेच्या वर. एक रात्र पुण्यात थांबा. कार करणार असाल तर चालकाला आधीच सांगा: सुगंधी परफ्यूम नाही, उदबत्ती नाही. खंबाटकीच्या वळणांच्या अगदी आधी पोटभर दूध नको, उलटी होते. बाळ पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसणं धोक्याचं आहे. मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवायची बेबी सीट लावा. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा बेबी सीटने सुरक्षित बसवणं मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे, नाहीतर १,००० रुपये दंड. पट्ट्याखाली जाड शाल घालू नका, पट्टा सैल राहतो. दीड-दोन तासांनी गाडी थांबवून बाळाला सीटमधून बाहेर काढा. आनेवाडीच्या आसपास एकदा आणि सांगलीकरांनी कराडच्या पुढे पेठ नाक्याजवळ पुन्हा.

स्वागताची गर्दी

बँजो, फटाके, अख्खी भावकी दारात, बाळ या हातातून त्या हातात. हे सगळं प्रेमापोटी होतं, म्हणूनच आधी बोलून घ्यावं लागतं. आत्यांना, काकूंना फोन करून सांगा: दारात भाकरतुकडा ओवाळा, औक्षण करा, पण बाळ पहिले काही आठवडे आई-बाबांच्याच हातून जेवेल, झोपेल आणि न्हाईल. आपली माणसं कोण हे त्याला त्यातूनच कळतं. थोडी वाट वाकडी करून जेजुरी, पुढे मांढरदेवी, मग पाल असं एका दिवसात उरकू नका. देवदर्शन आणि बारसं महिन्याभराने केलं तरी काही बिघडत नाही.

आल्यापासून रडलंच नाही, 'किती शहाणं आहे' असं घरात म्हणतात. दोन-दोन तास टक लावून बघणारं, कुणाकडेही जाणारं किंवा सारखं झोपणारं मूल घाबरून गप्प झालेलं असू शकतं. पुढे आठवड्याभराने ते जोरजोरात रडू लागलं की बिघडलं असं समजू नका. आता रडायला हरकत नाही, एवढा भरवसा त्याला आलेला असतो. जवळ घ्या, मावशींच्या व्हिडिओत पाहिलं तसं थोपटा.

फोटो स्टेटसला टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख जाहीर करायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परदेशात राहणाऱ्या आणि इथून बाळ नेणाऱ्या आपल्या माणसांची चूक वेगळी: परतीचं विमान आधीच काढून ठेवणं. त्यांच्या बाबतीत काराचं ना हरकत पत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, जन्मदाखला, पासपोर्ट आणि त्या देशाचा व्हिसा अशी ओळ असते. परदेशी दत्तकाविषयीच्या हेग करारातला देश असेल तर कन्फॉर्मिटी सर्टिफिकेटही (दत्तक करारानुसार झाल्याचा दाखला) लागतं. व्हिसा हातात पडल्यावरच तिकीट काढा आणि दत्तक आदेशाची मूळ प्रत इमिग्रेशनच्या खिडकीवर हातात ठेवा.

घरी आल्यावर आठवड्याच्या आत बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि संस्थेचा वैद्यकीय अहवाल व लसीकरण कार्ड सोबत न्या. वजन, हिमोग्लोबिन, ऐकणं, बघणं नव्याने तपासून घ्या. बाळ ताब्यात मिळाल्यापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका घरी येतील. त्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दूध, झोप, रडणं यांची वही त्यांनाही दाखवा.