लिहिलेलं फिरतं, नाव मागे राहतं: मराठीत लिहिणाऱ्यांनी ऑनलाइन काय काय करावं

तुम्ही मराठीत लिहिताय, कथा कविता ललित जे काय असेल ते, आणि कुणीतरी डोक्यात भरवून दिलंय की आता ऑनलाइन दिसायला पाहिजे. मग बहुतेक जण काय करतात तर एकाच रविवारी फेसबुक पेज, इन्स्टा, यूट्यूब चॅनल सगळं उघडून टाकतात, लोगो बनवतात (मोरपीस आणि दौत, हमखास) आणि महिन्याभरात सगळीकडे शुकशुकाट. असं करू नका. मराठीत वाचणारे नाहीत असं अजिबात नाहीये, लोक सकाळी चहाच्या आधीपासून व्हॉट्सॲपवर वाचत असतात, फक्त आपण कुणाचं लिहिलेलं वाचतोय हे त्यांना माहीत नसतं. पुलंच्या नावावर फिरणारं कितीतरी पुलंनी कधी लिहिलेलंच नाही, मग ते ज्याने लिहिलं तो कुठेतरी बसून स्वतःचीच कविता "खूप सुंदर, नक्की वाचा" म्हणून फॉरवर्ड होऊन आलेली बघत असणार. म्हणून खाली जे सांगतेय ते सगळं एवढ्यासाठीच की मजकूर फिरला तर त्याच्यासोबत नावही फिरलं पाहिजे.

आधी नावाचंच बघू. तुमचं आडनाव पाटील, जाधव, कुलकर्णी, शिंदे यातलं असेल आणि पहिलं नावही चारचौघांसारखं असेल तर गुगलवर तुमच्या नावाचे डॉक्टर, नगरसेवक, क्लासवाले सगळे आधी येणार. त्यामुळे सुरुवातीलाच ठरवा की मधलं नाव लावायचं, आद्याक्षरं लावायची की टोपणनाव घ्यायचं, आणि एकदा ठरलं की सगळीकडे तेच. एकीकडे आद्याक्षरं, दुसरीकडे पूर्ण नाव, तिसरीकडे "शब्दवेडी" असं केलंत तर वाचकाला या तिघी एकच आहेत हे कळणार कसं? इंग्रजी स्पेलिंगचंही तेच, सायलीची चार स्पेलिंगं होतात, त्यातलं एक पक्कं करा. आणि प्रोफाइलमध्ये नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्ही लिहा, कारण आपले निम्मे लोक मराठी लेखकाला शोधतानासुद्धा इंग्रजीत टाइप करतात.

दुसरं, टायपिंग. हे कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट. अजूनही पुष्कळ लोकांकडे जुन्या कथा श्रीलिपी नाहीतर शिवाजी फॉन्टमध्ये पडून आहेत, त्या नेटवर पेस्ट केल्या की नुसती अक्षरांची खिचडी दिसते आणि गुगलला तर ती मराठी आहे हेच कळत नाही. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर आणि नेटवर मराठी मराठीच दिसते अशा पद्धतीत आणा, कन्व्हर्टर मिळतात, त्यातून काढल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास हलतात. नवीन लिहायला फोनवर जीबोर्ड (गुगलचा कीबोर्ड) आहे, त्यावर बोलूनही मराठी लिहिता येतं, आणि विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरं टाइप केली की मराठी उमटतं तो) आतच दिलेला आहे, फक्त सेटिंगमधून चालू करायचा. 'मुक्त' (Mukta) किंवा 'तिरो देवनागरी मराठी' यांसारखे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. पोस्टर बनवायच्या ॲपमध्ये "ऱ्य" तुटतो का ते पोस्ट करायच्या आधी बघा, "सुऱ्या" लिहिलंय आणि दिसतंय भलतंच असं फार होतं. शुद्धलेखनही एकदा कुणाकडून तरी तपासून घ्या, नाहीतर कथेत आई मेलेली असते आणि कमेंटमध्ये चर्चा चाललेली असते की "परिस्थिती"मधली पहिली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ.

आता मुख्य गोष्ट: तुमची स्वतःची अशी एक जागा पाहिजे. साधा ब्लॉग चालेल, ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवर फुकट होतो, जमलं तर स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता घ्या, त्याला वर्षाला साधारण हजारभर रुपये लागतात. डोमेन ".भारत"मध्ये देवनागरीतूनही मिळतं आणि दिसायला छान दिसतं, पण फोनवर सांगताना आणि टाइप करताना लोकांची तारांबळ उडते, म्हणून मी तरी रोमनच घ्या म्हणेन. याचा फायदा असा की फेसबुकवरची तीन वर्षांपूर्वीची पोस्ट तुम्हाला स्वतःलाही सापडत नाही, पण इथे प्रत्येक कथेला कायमचा पत्ता असतो, तारीख असते, नाव असतं. पुढेमागे चोरीचं प्रकरण झालंच तर ही तारीखच उपयोगी पडते.

या जागेवर "माझ्याविषयी" असं एक पान करा. तिथे "मी शब्दांच्या दुनियेत रमणारी एक वेडी" वगैरे लिहू नका प्लीज. संपादकाला काय हवं असतं तर चार ओळी तृतीयपुरुषी, म्हणजे तो त्या तशाच उचलून अंकात छापू शकेल अशा, एक स्पष्ट फोटो, ईमेल, आणि आतापर्यंत काय कुठे छापून आलंय त्याची यादी. यादी छोटी असली तरी चालते, "महाविद्यालयीन स्पर्धेत उत्तेजनार्थ" मात्र आता काढून टाका.

मग सोशल मीडिया. सगळं करायचं नाही, एक नीट करायचं. गद्य लिहीत असाल तर फेसबुक, कारण मराठीतला तिशी चाळिशीच्या पुढचा वाचक अजून तिथेच आहे आणि तो लांबलचक पोस्ट वाचतो, वाद घालतो, पुस्तकही विकत घेतो. तिथे दोन गोष्टी: पोस्ट "पब्लिक" ठेवा (कितीतरी जण फ्रेंड्सपुरतीच ठेवतात आणि मग शेअर का होत नाही म्हणून रडतात), आणि फ्रेंड्सची मर्यादा ५००० आहे, त्यामुळे फॉलो करायची सोय आधीच चालू करून ठेवा. आणि हो, शेवटी नाव लिहा. "माझ्याच वॉलवर आहे की" असं वाटतं, पण लोक शेअर कमी करतात आणि कॉपी जास्त करतात.

कविता असेल तर इन्स्टाग्राम. कवितेचं चित्र करताना नाव खालच्या कोपऱ्यात बारीक टाकलं की कुणीतरी ते कापणारच, ते शीर्षकाच्या लगेच खाली टाका, म्हणजे ते कापायचं तर शीर्षकही जाईल. आणि तीच कविता खाली कॅप्शनमध्ये पूर्ण टाइप करा, कॅप्शनला २२०० अक्षरांची मर्यादा आहे, बहुतेक कविता त्यात मावते. चित्रातला मजकूर शोधात येईल याचा भरवसा नसतो, टाइप केलेला येतो, आणि ज्यांचा फोन वाचून दाखवतो अशा दृष्टिहीन वाचकांनाही ती ऐकता येते, हे आपल्याकडे कुणी लक्षातच घेत नाही.

व्हॉट्सॲपला नावं ठेवू नका, मराठीतलं सगळ्यात मोठं वाचनालय तेच आहे, फक्त तिथे पुस्तकांची पहिली पानं फाडलेली असतात. तिथे मजकूर टाकायचा तर नाव वर एकदा आणि शेवटी एकदा, शेवटी सोबत तुमच्या जागेचा पत्ता. कथा असेल तर पूर्ण टाकू नका, पहिला तुकडा टाका आणि पुढे लिंक द्या. कवितेला हे करू नका, अर्ध्या कवितेपुढे "पुढील ओळी वाचण्यासाठी क्लिक करा" बघितलं की माझा हात तरी थेट ग्रुप म्यूट करायला जातो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ लोक बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, त्यापेक्षा चॅनल बरं, तिथे फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, बायकांना हे फार सोयीचं पडतं.

लांब कथा, मालिका असं लिहीत असाल तर प्रतिलिपी आहे, कथा लिहायचं आणि वाचायचं ॲप. बेंगळुरूची कंपनी, २०१४ पासून चालू, आणि तिथला मराठी वाचक रोज पुढच्या भागाची वाट बघणारा आहे. तिथे चालायचं तर भाग छोटे आणि नियमित लागतात, शेवटी काहीतरी अडकवून ठेवावं लागतं. तुमचा पिंड तसा नसेल तर ओढूनताणून जाऊ नका. ॲमेझॉनच्या किंडलवरही मराठी ईबुक स्वतःचं स्वतः काढता येतं, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) लागत नाही, पण एक गोष्ट नीट समजून घ्या: भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये (ईबुक फक्त ॲमेझॉनवरच ठेवायची त्यांची योजना) टाकावं लागतं, नाहीतर ३५, आणि सिलेक्टमध्ये टाकलं की ९० दिवस ते डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही असायला नको. नमुना म्हणून साधारण १० टक्के चालतं, बाकी नाही. म्हणजे ज्या कथा ब्लॉगवर आणि प्रतिलिपीवर फुकट पडल्यात त्यांचाच संग्रह करून सिलेक्टमध्ये टाकता येत नाही. कागदी पुस्तक मात्र त्याच वेळी काढलं तरी चालतं.

हीच भानगड दिवाळी अंकांची. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत लेखक म्हणून ओळख व्हायची ती जागा आहे आणि आजही ऑनलाइन हजार लाइक्सपेक्षा एका बऱ्या अंकातल्या कथेने संपादकांच्या नजरेत जास्त फरक पडतो. पण बहुतेक अंकांना अप्रकाशित साहित्य लागतं आणि फेसबुकवर टाकलेलं त्यांच्या लेखी प्रकाशितच. म्हणून वर्षभरातलं सगळ्यात चांगलं जे असेल ते लगेच पोस्ट करायचा मोह आवरा, पावसाळ्यात अंकांची आवाहनं यायला लागतात तेव्हा ते पाठवा, दोन ठिकाणी एकदम पाठवू नका. अंक येऊन गेला की संपादकांना विचारून तीच कथा तुमच्या जागेवर टाका आणि खाली पूर्वप्रसिद्धी म्हणून अंकाचं नाव आणि वर्ष लिहा. एकाच कथेवर दोनदा वाचक मिळतात आणि ते नाव तुमच्या यादीत जातं ते वेगळंच.

कायद्याचं थोडं, कारण "नेटवर टाकलं म्हणजे सगळ्यांचं झालं" असं समजणारे खूप आहेत. तसं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही लिहिलं की हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो तुमच्या नंतरही ६० वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून ऑडिओवाले, प्रकाशक, वेबसिरीजवाले कुणीही "सर्व माध्यमांतील, कायमस्वरूपी" असं लिहिलेला कागद पुढे केला तर तिथे थांबा, कुठली माध्यमं आणि किती वर्षं ते विचारा. ईबुक आणि ऑडिओचे हक्क वेगळे ठेवा, २०१७ मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप मराठीत आल्यानंतर ऑडिओलाही किंमत आहे हे लोकांना कळलं, त्याआधी ते करारात असंच वाहून जायचं. आणि हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव लावून घ्यायचा अधिकार कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडेच राहतो.

राहिली चोरी. अधूनमधून तुमच्या कवितेतली मधली एखादी ओळ, पहिली नाही, मधलीच, कारण पहिली लोक बदलतात, अवतरणचिन्हांत टाकून गुगलवर आणि फेसबुकवर शोधा. "ॲ" टाइप करायच्या दोन पद्धती आहेत त्यामुळे तसा शब्द असलेली ओळ घेऊ नका, शोधात सापडत नाही. दुसऱ्याच्या नावाने सापडली तर आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, भांडण नंतर, कारण भांडण सुरू झालं की पोस्ट उडते. मग इनबॉक्समध्ये साधा मेसेज: ही कविता माझी, ही मूळ लिंक, नाव टाका किंवा पोस्ट काढा. बहुतेक जणांना खरंच माहीत नसतं, काकांना ग्रुपवर आलेली असते आणि आवडलेली असते, ते माफी मागून नाव टाकतात आणि वर तुमचे वाचकही होतात. ऐकत नसतील तर फेसबुक आणि इन्स्टा दोन्हीकडे कॉपीराइटचा तक्रार अर्ज आहे, त्यात तुमच्या जागेवरची जुन्या तारखेची लिंक द्या. वॉलवर त्या माणसाच्या नावाने बोंब मारायची ती अगदी शेवटी, आणि तेव्हासुद्धा त्याच्या बायकोमुलांच्या फोटोंचे स्क्रीनशॉट न टाकता.