वाघ आणि विषारी बेडूक: प्रकल्पात या चुका टाळा

नागपुरात विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की सीताबर्डीवरून छापून आणलेल्या चार्टवर वाघ असतोच. असणारच, पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला सगळं हाताशी. हल्ली त्याच्या शेजारी एक रंगीत बेडूकही दिसतो. जोडी झकास आहे, पण तपासताना त्याच त्या चुका खटकतात.

पहिली गडबड नावात. ‘विषारी बेडूक’ म्हणजे एकच प्राणी नव्हे. त्या कुळात दोनशेच्या आसपास जाती आहेत आणि कित्येकींना फारसा धोकाही नाही. चित्र निळ्या बेडकाचं, माहिती सोनेरी बेडकाची, असा चार्ट मी अनेकदा पाहिलाय. सोनेरी बेडकाचं शास्त्रीय नावच लिहा: फायलोबेट्स टेरिबिलिस. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या जंगलातला, जेमतेम पाच सेंटिमीटरचा जीव.

सगळ्यात मोठी चूक आकड्यांची. वाघासमोर ३,६८२ लिहितात (हा २०२२ चा भारतापुरता अंदाज, हे लिहायचं राहतं), बेडकासमोर काहीतरी ठोकून देतात आणि स्तंभालेख काढतात. बेडकांची अशी शिरगणती होत नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या लाल यादीत (धोक्यातल्या जातींची जागतिक यादी) दोघेही ‘एन्डेंजर्ड’, म्हणजे धोक्यात, पण वाघ तिथे पोचला संख्या घसरली म्हणून, आणि बेडूक त्याचा मुलूखच चिमुकला आणि त्यातलं जंगल तुटतंय म्हणून. स्तंभालेखाऐवजी ही कारणं शेजारीशेजारी मांडा. आणि ‘भारतात वाघ घटतच चाललाय’ हेही नको. २००६ मध्ये अंदाज १,४११ होता. मग यादीत अजून का? कारण यादी जगाची आहे, आणि कंबोडिया, लाओस, व्हिएतनाममधून वाघ जवळपास संपलाय.

भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याची अनुसूची (संरक्षण दिलेल्या प्राण्यांची यादी) आणि लाल यादी एकच समजू नका. मोर अनुसूची एकमध्ये आहे, पण लाल यादीत त्याला धोका नाही.

एका मुलीनं विचारलं होतं, ‘सर, एवढं जहाल विष असून तो धोक्यात कसा?’ प्रश्न फक्कड. कातडीतलं विष खायला येणाऱ्याला रोखतं. कुऱ्हाडीला आणि सोन्याच्या खाणीला नाही. शिवाय ते विष त्याला जंगलातल्या खाण्यातून मिळतं. कोलंबियाचे एंबेरा लोक ते फुंकनळीच्या बाणांना लावत आले, पण बंदिस्त जागेत फळमाश्यांवर वाढवलेल्या बेडकात ते उतरतच नाही. गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघाचा सुळा मात्र सुळाच राहतो.

शेवटी उपाय. दोघांखाली ‘झाडे लावा’ लिहून मोकळे होऊ नका. वाघाला एका जंगलातून दुसऱ्यात जायला वाट लागते. नागपूर-सिवनी महामार्गाखाली पेंचमध्ये त्यासाठीच भुयारी मार्ग काढलेत. बेडकाला तसल्या मार्गाचा काय उपयोग? तिथे नर पिल्लं पाठीवर घेऊन पाण्यापर्यंत जातो. ते पाणी आणि भोवतीचा पालापाचोळा, दोन्ही जागेवर राहायला हवेत.