श्वासासोबत छोटी प्रार्थना कशी करायची

पहिलं काम म्हणजे वाक्य ठरवणं, आणि इथं अजिबात घाई करू नका. वाक्य एवढं लहान पाहिजे की अर्धं श्वास घेताना आणि अर्धं सोडताना मनात म्हणता यावं. सगळ्यात जास्त म्हटलं जाणारं म्हणजे 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर', ऑर्थोडॉक्स नावाच्या जुन्या ख्रिस्ती मंडळीत याला येशूची प्रार्थना म्हणतात आणि ग्रीसमधल्या अॅथॉस डोंगरावरच्या मठांत ती आजही चालते. तिची मुळं बायबलमधल्या शुभवर्तमानातच आहेत. लूक १८ काढून बघा, जकातदार मान खाली घालून छाती बडवत देवाकडं दया मागतो, बाकी काही नाही, आणि त्याच अध्यायात यरीहोजवळचा आंधळा लोक गप्प बस म्हणत असताना 'माझ्यावर दया कर' असं आणखी मोठ्यानं ओरडतो. दोघांची प्रार्थना एकेका वाक्याची आणि दोघांचंही ऐकलं गेलं, मला तर यातनं फार धीर येतो.

एवढं लांब जमत नसेल तर बायबलमधलं स्तोत्र २३ घ्या, श्वास घेताना 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे', सोडताना 'मला काही उणे पडणार नाही'. इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंकडं राहून आलेल्या योहान कॅसियन या जुन्या काळच्या साधूनं स्तोत्र ७० ची पहिली ओळ, म्हणजे देवा मला सोडवायला धाव, ही सतत म्हणायला सांगितलीय, संकटात असाल तर तीच बरी. घरात कन्नड नाहीतर कोंकणी बोलत असाल तर त्याच भाषेत म्हणा, चर्चमधली सर्व्हिस मराठीत असली तरी चालतंय.

मग रोज सकाळी ५ मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, खुर्चीत आरामात बसा. श्वास मुद्दाम ओढू नका, रोखू नका, जसा चालतोय तसा चालू दे, शब्द त्याच्या मागनं येऊ देत. चक्कर किंवा धडधड वाटली तर श्वासाकडचं लक्ष काढून नुसतं वाक्य म्हणा.

मन भरकटणारच, पोराची फी, शेतातलं ऊस, सगळं आठवतंय. आठवलं की परत वाक्यावर या, बस्स. आणि किती वेळा म्हटलं ते मोजू नका, मत्तय ६ मध्ये प्रभूनं व्यर्थ बडबड नको असं स्पष्ट सांगितलंय, म्हणजे जास्त वेळा म्हटलं म्हणून देव जास्त ऐकतो असं नाही, आपण त्याच्याशी बोलतोय एवढं भान पाहिजे.

थोडी सवय झाली की दिवसभरात जिथं थांबावंच लागतंय तिथं ही प्रार्थना जोडा, बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवर खानापूरच्या बसची वाट बघताना, टिळकवाडीत रेल्वे गेट पडल्यावर, दवाखान्याच्या रांगेत. गाडी चालवताना मात्र डोळे आणि लक्ष रस्त्यावरच. वाक्य रोज बदलू नका, एकच निदान महिनाभर धरा, आणि काही शंका आलीच तर आपल्या पाळकांना नाहीतर फादरना सरळ विचारा.